समासातली एकशे बारा माणसं

१. चिकटलेलं कपाट

गुरुवारी सकाळी नऊ वाजता जननी आत्यानं आपल्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटाला किल्ली लावली, मूठ फिरवली आणि ओढलं. दार हललं नाही. तिनं पुन्हा ओढलं. मग चक्क एक पाय कपाटाला टेकवून असा हिसका दिला, की चर्रर आवाज करत दोन्ही दारं उघडली आणि करड्या रंगाची एक लांबच लांब साल तिच्या बोटांना लोंबत राहिली.

"कसला रंग लावतात हे लोक!" मी हसले.

आत्या हसली नाही. कपाटात शिक्के होते, पावत्यांचे गठ्ठे होते, शाईची बाटली होती. निळी फाइल नव्हती.

"हरिता," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझी माणसं गेली."

तिची माणसं म्हणजे काय ते सांगायलाच हवं. आमच्या तंजावरात पुढच्या आठवड्यात जागतिक तमिळ परिषद भरणार होती. मलेशिया, मॉरिशस, श्रीलंका, कुठून कुठून पाहुणे येणार. दिल्लीनं खाजगी विमानांना आकाश मोकळं केल्यापासून सगळ्यांनाच विमानाची स्वप्नं पडायला लागली होती. त्यात गावाबाहेरची आमची गवत माजलेली धावपट्टी परिषदेसाठी उघडायची ठरली. तिथं प्रवाशांचं सगळं बघायला एक अधिकारी हवी होती, तात्पुरती, तीन महिन्यांसाठी. ती माझी आत्या!

आणि काय काय केलं तिनं त्या तीन महिन्यांत! जिथं शेळ्या बसायच्या तिथं बाकं आली. पाण्याचे पिंप आले. तिनं स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून विमानाच्या शिडीपासून फाटकापर्यंत प्रवास केला आणि जिथं जिथं धक्का बसला तिथं तिथं खडूनं फुली मारली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फुलीवर सिमेंट. "प्रवासी दमून येतो," ती म्हणायची, "त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळायला हवं, की इथं आपली कुणीतरी वाट बघत होतं."

फाइलमध्ये एकशे बारा प्रवाशांची यादी होती. नावं छापलेली, ती काय, संगणकातून पुन्हा निघाली असती. पण समासात आत्याच्या हातचं अक्षर होतं. रोज संध्याकाळी एसटीडी बूथवर उभं राहून, कुणाच्या मुलीला, कुणाच्या डॉक्टरला फोन लावून गोळा केलेलं. 'डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडून बोलावं.' 'इन्सुलिन बर्फात.' 'नवरा गेल्यावर पहिलाच प्रवास. एकटं सोडू नये.' हे कुठल्या संगणकात असणार?

शुक्रवारी अकरा वाजता ही फाइल घेऊन तिला त्रिचीच्या बैठकीत उभं राहायचं होतं. तयारी पटली तर विमानं तंजावरात उतरणार. नाही पटली तर सगळी त्रिचीला, आणि ती एकशे बारा माणसं तिथून दीड-दोन तास बसमधून हेलकावे खात येणार. आत्याची नोकरीही तिथंच संपणार.

"पोलीस?" मी विचारलं.

"पोलीस आले की पेपरात येणार, पेपरात आलं की बैठक संपलीच." आत्यानं डोळे पुसले. "गंगाक्काला बोलाव."

२. गंगाक्का

गंगाबाई, म्हणजे आमची गंगाक्का, जुने मोडी कागद वाचते. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचे दरबारी कागद, वाळवीनं खाल्लेले. घरात आम्ही मराठी बोलतो पण लिहायची वेळ आली की तमिळच. मला देवनागरी शिकवली ती तिनंच, रविवारी दुपारी, भाजलेल्या शेंगांच्या लाचेवर. मला जगात तिच्याइतकं कुणीच आवडत नाही. (आत्या सोडून. बरं, दोघी सारख्याच!)

ती मोपेडवरून आली, पदर खोचलेला, चष्मा कपाळावर.

"रडून झालं का, जननी? झालं असेल तर बोलू."

"अक्का, चोरी झाली आहे."

"ते मी ठरवीन. फाइल शेवटची कधी बघितलीस?"

"काल. पाच वाजता रंगीत तालीम होती, तेव्हा माझ्या हातात होती. पन्नास लोकांनी बघितली. सहाला ऑफिसात आले, फाइल कपाटात ठेवली, कुलूप लावलं, सव्वासहाच्या जीपनं घरी गेले."

"कपाटात ठेवलीस हे आठवतं?"

"अक्का! तीन महिने रोज संध्याकाळी ठेवते."

"रोजचं नाही विचारलं. कालचं विचारलं."

आत्या चिडली. "ठेवली! किल्ली माझ्याचकडे असते."

गंगाक्का कपाटाजवळ गेली. रंगाची ती साल तिनं जमिनीवरून उचलली, उजेडात धरली आणि घडी करून चक्क चष्म्याच्या डबीत ठेवली. मला वाटलं, जुने कागद जपायची सवय, दुसरं काय!

"आता मला तीन माणसं हवीत," ती म्हणाली. "ज्याला फाइल हरवल्याचा फायदा, ज्याला तुझा राग, आणि ज्याला तुझी माया."

"मायेवाला कशाला?"

"हरिते, दरबारी कागदांत निम्मे घोटाळे मायेनंच केलेले असतात."

३. फायद्याचा माणूस

सतीशकुमार आपणहूनच आला. त्याच्या चार नव्या कोऱ्या वातानुकूलित बसगाड्या होत्या, आणि विमानं त्रिचीला गेली तर पाहुणे त्याच्याच बसमधून येणार हे लहान पोरालाही कळत होतं.

"मॅडम, ऐकलं मी. फार वाईट झालं," तो म्हणाला, आणि त्याला वाईट वाटलेलं जराही दिसलं नाही.

"कुणाकडून ऐकलंत?" गंगाक्कानं विचारलं.

"अहो, तुमची ही भाची फाटकावर एवढ्या मोठ्यानं सांगत होती की त्रिचीला ऐकू गेलं असेल."

मी लाल झाले. खरंच सांगत होते.

"काल संध्याकाळी कुठं होता?"

"इथंच. पावणेसातला आलो, मॅडम गेल्या होत्या, ऑफिसला कुलूप. मग पश्चिमेच्या फाटकाबाहेर वेंकूबाईच्या टपरीवर कॉफी प्यायलो. विचारा तिला! नाहीतर तुमच्या ऑफिसातल्या सीतारामरावांना विचारा, तेही होते तिथं."

"सीतारामराव? टपरीवर?" आत्याला त्याही परिस्थितीत हसू आलं. "ते बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाहीत."

"मग मी काय त्यांचं भूत बघितलं? बाईशी काहीतरी कुजबुजत होते. मला बघून निघूनच गेले." सतीशकुमार उठला. "मॅडम, खोटं कशाला बोलू, विमानं त्रिचीला गेली तर मी नारळ फोडीन. पण तुमची तालीम बघितली काल. माझी आई गुडघ्यांनी अधू आहे. ती कधी विमानात बसली तर तुमच्यासारखी बाई खाली उभी असावी. फाइल मी नेली नाही."

तो गेल्यावर मी म्हणाले, "नाटक करतो!"

"करत असेल," गंगाक्का म्हणाली. "पण जो चोर असतो तो स्वतःला इतक्या जवळ उभं करत नाही."

४. रागावलेली

भुवना टाइप करायची. आत्यानं तिच्याकडून ती यादी चार वेळा छापून घेतली होती, आणि चौथ्या वेळी भुवना सगळ्यांसमोर रडली होती. शिवाय आत्याच्या जागेसाठी तिनंही अर्ज केला होता.

"माझ्यावरच येणार ना?" ती आत आली तीच फणफणत. "हो, राग आहे मला! एका नावाच्या पुढचं 'श्रीमती' राहिलं म्हणून अख्खं पान पुन्हा! पण फाइल नेऊन मी काय करू? पुन्हा छापायचं मलाच!"

गंगाक्का खळखळून हसली. "हे मात्र पटलं. काल कपाट कुणी रंगवलं?"

"रंगारी आला होता. चार वाजता. मॅडम बाहेर पट्टीवर होत्या. त्यानं दारं बंद करून वरून दोन हात मारले, फटीबिटीसकट. मी वर कागद चिकटवला, 'ओला रंग, हात लावू नये'. सकाळी बघते तर कागद खाली पडलेला."

"चार वाजता," गंगाक्का म्हणाली. "बरं. जा तू. आणि भुवना, श्रीमती राहता कामा नये, हे तुझ्या मॅडमचं बरोबरच आहे."

"माहीत आहे मला," भुवना दारातून म्हणाली. "म्हणून तर जास्त राग येतो."

ती जाताच गंगाक्कानं डबी उघडली आणि रंगाची साल आत्याच्या पुढ्यात पसरली.

"ही साल दोन्ही दारांच्या मधल्या फटीवरची. चार वाजता ओला रंग फटीवर बसला आणि रात्रभरात वाळून एकसंध झाला. सकाळी तू पाय लावून ओढलंस तेव्हा पहिल्यांदा फाटला. मध्ये कपाट उघडलं असतं तर ही अशी अखंड निघाली असती?"

 आत्याचा चेहरा पांढरा पडत गेला.

"म्हणजे..."

"म्हणजे काल चारनंतर ते कपाट कुणीच उघडलं नाही. चोरानं नाही. आणि तूही नाही."

५. मायेचा माणूस

सीतारामराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. ओरत्तनाडूहून रोज पहाटेच्या बसनं यायचे. कपाळाला गंध, खिशात दोन शाईची पेनं, आणि मराठी अशी जुनी की गंगाक्काच्या कागदांतूनच उठून आल्यासारखी. आत्यावर त्यांचा फार जीव. फक्त एका गोष्टीवरून दोघांचं वाजलं होतं: एकदा राहुकाळ आहे म्हणून त्यांनी सिमेंटची ऑर्डर दीड तास अडवून ठेवली, आणि आत्या सगळ्यांदेखत ओरडली, "पुन्हा माझ्यासमोर पंचांग काढलंत तर उद्यापासून येऊ नका!"

आम्ही त्यांच्या टेबलाशी गेलो. ते यादीतली नावं आठवून आठवून कोऱ्या कागदावर लिहीत होते. एकोणीस झाली होती.

"काल तुम्ही कपाटाजवळ गेला होतात?" गंगाक्कानं विचारलं.

"नाही, अम्मा. कपाटास म्यां हात लाविला नाही."

"फाइल बघितलीत?"

"तालमीत पाहिली. मागुती नाही. देवाची आण."

"वेंकूबाईच्या टपरीवर गेला होतात?"

त्यांनी आत्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "गेलों होतों," एवढंच म्हणाले. "माझें खासगी काम होतें."

आणि मी बघितलं, त्यांचे कान लाल झाले होते! खोटं बोलणाऱ्या माणसाचे होतात तसे. मी गंगाक्काला कोपरानं ढोसलं. तिचं लक्षच नव्हतं. ती टेबलाच्या कडेनं चाललेली मुंग्यांची रांग बघत होती. रांग एका कागदाच्या पुडीत शिरत होती. तिनं पुडी उलगडली. गुळाचा खडा.

"सीतारामराव, तुम्हाला साखरेचा आजार ना?"

"होय."

"मग हा गूळ कुणासाठी?"

ते पुडी पुन्हा बांधायला लागले. गंगाक्कानं भिंतीकडे बघितलं. तिथं रोज एक पान फाडायचं तमिळ कॅलेंडर होतं. वर गुरुवार, पण खालच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. तिनं गुरुवार उचलून शुक्रवार वाचला. "शूल पश्चिमेला. परिहार, गूळ." मग ती आमच्याकडे वळली आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

"जननी, त्रिची कुठल्या दिशेला?"

"पश्चिमेला. पण अक्का, मी असलं काही..."

"तू मानत नाहीस. ते मानतात. शुक्रवारी पश्चिमेला निघू नये. निघणं भागच असेल तर गूळ तोंडात टाकावा. आणि जास्तच काळजी असेल तर? माझ्या कागदांत पानोपानी आहे: मुहूर्त चुकत असेल तर स्वारी निघायच्या आधीच चांगल्या वेळेला प्रवासातली एखादी वस्तू वेशीबाहेर नेऊन ठेवायची. उशी, उपरणं, काहीही. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघालाच. प्रस्थान ठेवणं म्हणतात त्याला. सीतारामराव, तुम्ही जननीचं प्रस्थान ठेवलंत ना?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "ठेविलें, अम्मा. बुधवारीं शूल उत्तरेस, पश्चिम मोकळी. परंतु फायल नव्हे! शुक्रवारच्या प्रवासासाठीं बाईंनी मेजाखालीं पिवळी पिशवी भरून ठेविली होती, शाल नि छत्री घालून. ती नेली. फाटकाबाहेर टपरीवर ठेविली. उद्यां जीप थांबवून हातीं दिली असती. बोललों नाही, कारण त्या म्हणाल्या होत्या..."

"येऊ नका," आत्या पुटपुटली.

"पिशवी उघडून बघितलीत?"

"बायकांच्या पिशवींत हात घालूं?" ते दचकलेच. "तोंडास गांठ होती."

"जननी," गंगाक्का म्हणाली, "आता डोळे मीट. काल सहा वाजता. हातात फाइल, कपाटावर भुवनाचा कागद. ओला रंग. तू काय केलंस?"

आत्यानं डोळे मिटले. तिचा हात आपोआप पुढं गेला, थांबला आणि खाली गेला. मेजाखाली.

"अय्यो," ती म्हणाली. "वाळेपर्यंत म्हणून पिशवीत घातली. आणि गाठ मारली."

६. टपरी

आम्ही पळत सुटलो. आत्या पुढं, मी मागं, गंगाक्का मोपेडवर आमच्या बरोबरीनं ओरडत, "अरे, बसा कुणीतरी मागं!"

पश्चिमेचं फाटक ओलांडलं आणि तिघीही थांबलो.

टपरी नव्हती.

जिथं काल चूल होती तिथं ताजा मुरूम पसरलेला आणि त्यात नुकतीच लावलेली क्रोटनची रोपं. रखवालदार म्हणाला, "सकाळीच काढली, मॅडम. पाहुण्यांच्या रस्त्यावर टपऱ्या नकोत म्हणून हुकूम आहे. सामान हातगाडीवर घालून गेली बाई."

"हुकूम कुणाचा?"

रखवालदार चाचरला. "तुमच्याच कागदावर होतं, मॅडम. 'फाटकासमोरची जागा मोकळी करणे.'"

आत्यानं ते वाक्य चाकाच्या खुर्च्यांसाठी लिहिलं होतं. तिच्या मनात दगड होते, राडारोडा होता. वेंकूबाई नव्हती.

कालव्याकाठच्या रस्त्यानं आम्ही गेलो. आता गंगाक्काच्या मोपेडवर आम्ही तिघी, आणि ती मोपेड कशी ओरडत होती ते विचारू नका! दोन्हीकडं भातखाचरं, हातगाडी कुठंच नाही. पहिला पूल गेला. दुसरा गेला. तिसऱ्या पुलाशी नारळाच्या झाडाखाली गाडी दिसली, आणि गाडीला टेकून वेंकूबाई. चूल, पितळी बॉयलर, कॉफीचे डवरे-टंबलर, सगळं मातीत मांडलेलं. पिवळी पिशवी मात्र तिच्या मांडीवर होती. गाठ तशीच.

"ही तुमची का?" तिनं आत्याला विचारलं. "रावांनी सांगितलं होतं, शुक्रवारपर्यंत जमिनीला लावायची नाही, मागं फिरवायची नाही. सकाळपासून मांडी अवघडली माझी."

"टपरी मोडली तेव्हाही...?"

"टपरी माझी होती. पिशवी दुसऱ्याची आहे."

आत्या तिथंच मातीत बसली. गाठ सोडली. शाल, छत्री आणि निळी फाइल. एकशे बारा माणसं, समासासकट. मी उड्या मारायला लागले, पण आत्या पानं उलटत राहिली आणि मग फाइल मिटून म्हणाली, "वेंकूबाई, या फाइलमध्ये प्रत्येकाचं लिहिलंय मी. तुमचंच राहिलं. आतल्या दालनात, बाकांच्या शेजारी, बॉयलरला किती जागा लागते?"

वेंकूबाईनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "कॉफी माझ्या हातची. सांगून ठेवते, पावडरची पाकिटं चालायची नाहीत."

"नकोतच."

"मग चार हात."

आत्यानं पेन काढलं आणि फाइलच्या शेवटच्या समासात लिहिलं: चार हात.

७. शुक्रवार

दुसऱ्या दिवशी आत्या सकाळी आठला त्रिचीला गेली. जाण्याआधी मी तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. तिनं माझ्याकडं बघितलं, सीतारामरावांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं आणि तोंडात टाकला. "भूक लागलीय म्हणून," ती म्हणाली.

सीतारामराव दहाला आले ते राजीनामा लिहूनच. मेजावर ठेवला आणि उभेच राहिले. गंगाक्का आपले कागद सोडून आली होती. भुवना होती. सतीशकुमारही घुटमळत होता.  बारा वाजले. साडेबारा. पावणेएकला फोन वाजला आणि मी झडप घातली.

"हरिता," आत्याचा आवाज, मागं गाड्यांचे हॉर्न. "सीतारामरावांना दे."

"पण झालं काय ते तर..."

"त्यांना दे म्हटलं ना!"

त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. आम्ही सगळे त्यांच्या कानाशी. आत्या इतक्या मोठ्यानं बोलत होती की ऐकू येतच होतं.

"सीतारामराव, त्यांनी एकेक पान वाचलं. समास वाचले. एक साहेब मध्येच चष्मा पुसायला लागले. रविवारी सकाळी पहिलं विमान, आपल्याकडं! तुमचा राजीनामा मेजावर असणार, तो फाडा. आणि एक सांगा. पहिल्या विमानात अकरा चाकाच्या खुर्च्या आहेत. लोकांना पूर्वेच्या दारानं आत घ्यायचं की दक्षिणेच्या? तुम्ही ठरवा. मी मध्ये बोलणार नाही."

आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत राहिलो. पूर्वेचं दार शुभ, पण अरुंद. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. त्या बाजूला ते पाठ करूनसुद्धा बसायचे नाहीत. त्यांनी कॅलेंडरकडं बघितलं. मग खिडकीतून दक्षिणेच्या दाराकडं, जिथं आत्यानं स्वतः ढकलत नेलेल्या खुर्चीच्या चाकांच्या खुणा सिमेंटवर उमटून राहिल्या होत्या.

"दक्षिणेच्या दारानें, अम्मा," ते म्हणाले. "तें रुंद आहे."